आवडत्या रॉक बँडला प्रत्यक्ष ऐकायला जाताना

एखादा रॉक बँड आपण वर्षानुवर्षे ऐकलेला असतो. कोणता ठोका कुठे पडतो, गायक कोणत्या ओळीच्या आधी श्वास घेतो, गिटारच्या सोलोमध्ये, म्हणजे एकट्याच्या वादनात, तार कुठे खेचली जाते, हे सगळे पाठ झालेले असते. तरीही तोच बँड पन्नास पावलांवर उभा राहून वाजवू लागला की पहिल्या दोन-तीन गाण्यांत आपण नेमके काय ऐकतो आहोत हेच पुष्कळांना उमगत नाही. आवाज अंगावर येतो, दिवे डोळ्यांत शिरतात, पाय दुखू लागलेले असतात, खिशातला फोन आठवत राहतो, आणि ज्यांची इतकी वाट पाहिली ते दोन तास निसटून जातात.

माझ्या पहिल्या कॉन्सर्टच्या वेळी हेच घडले. ज्या बँडची मी अकरा वर्षे वाट पाहिली होती, त्याला ऐकायला मी रात्रभराच्या जागरणानंतर, जवळजवळ उपाशीपोटी, नव्या बुटांत आणि कानांना कोणतेही संरक्षण न घेता गेले. सर्वांत पुढे कठड्याला टेकून उभी राहिले, आणि घरी परतले तेव्हा त्या रात्रीबद्दल मला दहा वाक्येही सांगता येत नव्हती. कानांतला गुंई आवाज मात्र पुढचे दोन दिवस सोबत होता. त्यानंतर मी अनेक बँड प्रत्यक्ष ऐकले आणि हळूहळू मनाशी एक गोष्ट पक्की झाली. चाहत्याने करायची सगळी तयारी एकाच हेतूने करायची असते: बँड वाजवू लागेल तेव्हा आपले लक्ष दुसऱ्या कशातही अडकलेले नसावे. पुढच्या सूचना त्याच हेतूने दिल्या आहेत.

कॉन्सर्टमध्ये संगीत नीट ऐकू येणे ही गोष्ट चाहत्यांना पहिल्यापासून मिळालेली नाही. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी सुमारे ५५,६०० श्रोत्यांसमोर कार्यक्रम केला, तेव्हा त्यांच्या मागे शंभर वॉटचे ॲम्प्लिफायर होते आणि श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढे वादकांना स्वतःचे वादनही धड ऐकू येत नव्हते. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये त्यांनी तिकीट लावलेला शेवटचा कार्यक्रम केला आणि दौरे थांबवले. आज मोठ्या मैदानातही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवणारी ध्वनियंत्रणा असते. त्यामुळे ऐकण्यात उणीव राहिली, तर तिचे कारण बहुधा आपण निवडलेल्या जागेत, कानांत किंवा थकव्यात असते, आणि या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

जागा निवडताना

सर्वांत पुढची जागा सर्वांत चांगली, ही समजूत पाहण्याच्या बाबतीत खरी असली तरी ऐकण्याच्या बाबतीत क्वचितच खरी ठरते. मुख्य स्पीकरचे उंच झुबके रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागे पसरलेल्या श्रोत्यांकडे असतो. कठड्याजवळच्या माणसाच्या कानावर मुख्यतः रंगमंचावरच्या ॲम्प्लिफायरचा आणि ड्रम्सचा थेट आवाज पडतो. गायकाचा आवाज तिथपर्यंत पोहोचावा म्हणून रंगमंचाच्या कडेला छोटे स्पीकर ठेवलेले असतात. तरीही समोर उभ्या असलेल्या गिटारवादकाचे वादन मोठे आणि शब्द पुसट, असा अनुभव तिथे नेहमी येतो.

ध्वनीचा तोल सर्वांत चांगला कुठे असेल, याची खूण सभागृहातच असते. श्रोत्यांच्या मधोमध किंवा थोडे मागे एका चौकोनात साउंड इंजिनिअर मिक्सर, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याचे यंत्र, घेऊन बसलेला असतो, आणि त्याला जे ऐकू येते त्यावरूनच तो प्रत्येक वाद्याची पातळी ठरवतो. त्या चौकोनाच्या पुढे पाच-दहा पावलांवर उभे राहिले, की इंजिनिअरने जे घडवले आहे ते जवळजवळ तसेच आपल्या कानी येते. ज्या बँडच्या संगीतात एकावर एक थर असतात, दोन गिटार वेगवेगळे काही सांगत असतात, मागे कीबोर्ड हळुवार चाललेला असतो, त्या बँडसाठी मी डोळे मिटून हीच जागा निवडते. ज्याचे सारे बळ वेगात आणि धडकेत आहे, त्या बँडसाठी पुढे जाण्यात अर्थ आहे. तिथे थोडा तोल गमावून आपण जवळीक मिळवतो, आणि तो सौदा वाईट नाही.

खर्जाची गोष्ट मात्र वेगळी आहे. हवेत ध्वनीचा वेग साधारण २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर असतो, म्हणजे ६० हर्ट्झच्या खर्ज स्वराची तरंगलांबी पावणेसहा मीटरच्या आसपास भरते. खर्जाचे स्पीकर रंगमंचाच्या डावीकडे आणि उजवीकडे अशा दोन गटांत ठेवलेले असले, तर बरोबर मध्यरेषेवर दोन्हीकडच्या लाटा एकाच वेळी पोहोचतात आणि खर्ज दुणावतो. मध्यापासून काही मीटर बाजूला सरकले की काही स्वर एकमेकांना खोडून काढतात. म्हणून किक, म्हणजे पायाने वाजवल्या जाणाऱ्या मोठ्या ड्रमचा ठोका, छातीवर नको इतका आदळत असेल किंवा खर्ज सांभाळणारे बेस गिटार कुठे गेले असा प्रश्न पडत असेल, तर चार पावले डावीकडे-उजवीकडे जाऊन पाहावे. चार पावलांनी केवढा फरक पडतो हे एकदा अनुभवले, की चाहता कॉन्सर्टमध्ये एकाच ठिकाणी खिळून उभा राहत नाही.

बंदिस्त सभागृहात बाल्कनीच्या खाली अगदी मागे उभे राहणे टाळावे. वरचे छत मुख्य स्पीकरची दृष्टिरेषा अडवते, त्यामुळे झांजांची चमक आणि शब्दांची धार हरवते. भिंतीलगत खर्ज साचतो आणि सगळे संगीत घोंगडीखालून आल्यासारखे वाटू लागते. खुल्या मैदानात अडचण अंतराची असते. रंगमंचापासून १०० मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत आवाज पोहोचायला सेकंदाच्या तीन दशांशांच्या जवळपास वेळ लागतो, म्हणून मोठ्या पडद्यावर ड्रमरची काठी आधी खाली येते आणि ठोका नंतर ऐकू येतो. मैदानाच्या मध्यावर उभारलेल्या स्पीकरच्या मनोऱ्यांमध्ये आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडलेला असतो, म्हणजे पुढून येणारा आवाज आणि मनोऱ्याचा आवाज एकत्र पोहोचतात. दूरची जागा मिळाली तर अशा मनोऱ्याच्या थोडे पुढच्या अंगाला, त्याच्या माऱ्याच्या सरळ रेषेत उभे राहावे. मनोऱ्याच्या मागे किंवा दोन मनोऱ्यांच्या मधल्या पोकळीत आवाज विरळ होतो.

तिकिटाविषयी थोडक्यात सांगते. ते बँडच्या किंवा सभागृहाच्या अधिकृत दुव्यावरूनच घ्यावे, विक्री सुरू होण्याच्या आधी खाते उघडून पैसे भरण्याची माहिती भरून ठेवावी, आणि बँडच्या चाहता-मंडळाला आधी विक्री खुली होत असेल तर त्यात वेळेवर नाव नोंदवावे. पुनर्विक्रीचे तिकीट घ्यायचेच असेल तर जिथे जुना बारकोड रद्द होऊन नवा तयार होतो अशाच ठिकाणाहून घ्यावे. मिळालेल्या तिकिटाचा फोटो आनंदाच्या भरात कुठेही टाकू नये. बारकोड दिसत असेल तर दुसरा कोणी त्यावर आत जाऊ शकतो. ज्यांना चाकाची खुर्ची लागते, फार वेळ उभे राहता येत नाही किंवा झगमगत्या दिव्यांचा त्रास होतो, त्यांनी तिकीट घेण्यापूर्वीच सभागृहाशी बोलून घ्यावे, कारण उंच चौथरे आणि राखीव जागा मोजक्याच असतात.

आधीचे आठवडे

कॉन्सर्टच्या आधी बँडची सगळी गाणी पुन्हा पुन्हा ऐकून काढण्याचा मोह होतो. मी शेवटच्या आठवड्यात बँड ऐकणे पूर्ण थांबवते, आणि हा सल्ला मी अगदी मनापासून देते. त्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत मात्र ऐकावे आणि ते नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने ऐकावे. एका फेरीत फक्त बेस गिटारकडे लक्ष द्यावे, दुसऱ्या फेरीत फक्त ड्रम्सकडे, तिसऱ्या फेरीत गायकाच्या मागे येणाऱ्या दुसऱ्या आवाजाकडे. बहुतेक चाहत्यांना गाण्यांतले शब्द आणि मुख्य धून तोंडपाठ असते, पण बेसवादक दुसऱ्या कडव्यात चाल बदलतो हे माहीत नसते. आणि कॉन्सर्टमध्ये तो बेसवादक डोळ्यांसमोर उभा असतो. काय शोधायचे हे ठाऊक असलेल्या कानाला त्या गोंगाटातही ते सापडते.

नवा अल्बम आला असेल तर तो निदान पाच-सहा वेळा ऐकून जावे. दौरे बहुधा नव्या अल्बमच्या निमित्ताने निघतात, त्यामुळे त्यातली काही गाणी वाजणारच; ती अनोळखी असली की त्या वेळात लक्ष ढळते आणि मग चाहता जुन्या गाण्याची वाट पाहत ताटकळतो. बँडची जुनी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणे मिळाली तर तीही ऐकावीत, कारण काही बँड स्टुडिओतले गाणे रंगमंचावर जसेच्या तसे उभे करतात आणि काही त्याचा फक्त आधार घेतात. डीप पर्पलने ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियो येथे केलेल्या कार्यक्रमांत, स्टुडिओत साडेचार मिनिटांचे असलेले एक गाणे जवळजवळ वीस मिनिटे चालले होते. आपला बँड यांपैकी कोणत्या जातीचा आहे हे आधी कळले, तर सोलो लांबल्यावर अस्वस्थ न होता आपण त्याच्या मागोमाग जाऊ शकतो.

दौऱ्यातल्या आधीच्या कार्यक्रमांची सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांचा क्रम, पाहावी की नाही याबद्दल चाहत्यांत दोन तट आहेत. मी पाहत नाही. पुढचे गाणे कोणते याची कल्पना नसताना गिटारचा पहिला स्वर ऐकू येतो, अर्ध्या क्षणात ओळख पटते आणि अंगावर काटा येतो. प्रत्यक्ष ऐकण्यातला हा सर्वांत मोठा आनंद आहे आणि तो यादी वाचून गमवावा असे मला वाटत नाही. तरीही ज्या एका गाण्यावर जीव जडला आहे ते वाजलेच नाही तर संपूर्ण रात्र कडू होईल, असे ज्यांना आपल्या स्वभावावरून वाटते, त्यांनी खुशाल पाहावी. निराशा घरीच पचवून मोकळ्या मनाने जाणे अधिक चांगले. पर्ल जॅमसारखा एखादा बँड रोजच्या रोज क्रम बदलतो, तिथे यादी पाहूनही फारसे काही कळत नाही.

कान

या भागावर मी सर्वाधिक जोर देणार आहे, कारण याच बाबतीत चाहते सर्वांत निष्काळजी असतात.

रॉक कॉन्सर्टमध्ये आवाजाची पातळी सहज १०० डेसिबलच्या पुढे जाते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाकाठी आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. हिशोब केला तर ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. दोन तासांच्या कार्यक्रमात तीन-चार गाण्यांतच ही मर्यादा ओलांडली जाते. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी ध्वनीचे रूपांतर मज्जातंतूंच्या संकेतात करतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानांत येणारा गुंई आवाज हा त्या पेशींवर ताण पडल्याचा इशारा असतो. बहुतेकदा तो एक-दोन दिवसांत ओसरतो, पण प्रत्येक वेळी ओसरेलच याची शाश्वती नसते. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी, दौरा थांबवला नाही तर ऐकणे पूर्ण जाईल, असे बजावले होते, आणि त्याला चालू दौरा अर्ध्यावर सोडावा लागला.

म्हणून इअरप्लग घालावेत. इअरप्लगमुळे संगीत मंद आणि मातकट होते, ही तक्रार स्वस्त फोमच्या बोळ्यांच्या बाबतीत बरीचशी खरी आहे, कारण ते उंच स्वर अधिक अडवतात आणि खालचे स्वर त्या मानाने जाऊ देतात. संगीतासाठी बनवलेल्या इअरप्लगमध्ये एक छोटी गाळणी असते आणि ती सगळे स्वर साधारण सारख्याच प्रमाणात खाली आणते. त्यामुळे तोल टिकतो, फक्त पातळी उतरते. समजा आवाज १०३ डेसिबल आहे आणि इअरप्लग प्रत्यक्षात १५ डेसिबल कमी करतात, तर कानापर्यंत ८८ डेसिबल पोहोचतात आणि सात-आठ मिनिटांची मर्यादा चार तासांवर जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फार मोठ्या आवाजात कान स्वतःच गोंधळतो आणि स्वर एकमेकांत मिसळू लागतात. कित्येकदा इअरप्लग घातल्यावर मला गायकाचे शब्द पहिल्यांदा स्पष्ट कळले आहेत. संरक्षणासाठी म्हणून घातलेली वस्तू ऐकणे सुधारते, हे मला स्वतः अनुभवेपर्यंत पटले नव्हते.

ते नीट बसणे मात्र आवश्यक आहे. फोमचा बोळा असेल तर तो बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. संगीताचे इअरप्लग वेगवेगळ्या मापांच्या टोप्यांसह येतात. कॉन्सर्टच्या आधी घरी गाणी लावून माप ठरवावे आणि अर्धा-पाऊण तास घालून पाहावेत, म्हणजे कानात काही असल्याची जाणीव त्या रात्री त्रास देत नाही. पहिल्या गाण्याच्या आधी ते घालावेत. आधी थोडे उघड्या कानांनी ऐकून मग घातले तर आवाज एकदम दूर गेल्यासारखा वाटतो आणि ते काढून टाकण्याचा मोह होतो. सुरुवातीपासून घातले तर पाच-दहा मिनिटांत विसर पडतो. जवळ एक जादा जोड ठेवावा. बरोबर लहान मूल असेल तर त्याच्या कानांवर पूर्ण कान झाकणारे संरक्षक कवच हवेच.

त्या दिवशी

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी, कारण थकलेल्या मनाला गाणे ओळखू येते पण त्यातले बारकावे टिपता येत नाहीत. दुपारी पोटभर जेवावे, दिवसभर पाणी पीत राहावे, आणि रुळलेले, पुढून बंद असलेले बूट घालावेत. गर्दीत पायावर पाय पडतात आणि चार-पाच तास उभे राहावे लागते. कपडे सुती आणि एकावर एक घालता-काढता येतील असे असावेत. बॅगेच्या आकाराचे आणि पाण्याच्या बाटलीचे नियम आधी वाचून घ्यावेत. दारात वाद घालून मनाची जी अवस्था होते ती अर्ध्या कार्यक्रमापर्यंत पुरते. परतीच्या प्रवासाची सोय आधीच ठरलेली असावी. शेवटची गाडी चुकेल या धास्तीने एन्कोर, म्हणजे निरोपानंतर बँड परत येऊन वाजवतो ती गाणी, सोडून धावणारी माणसे मी प्रत्येक वेळी पाहते आणि मला त्यांच्याविषयी फार वाईट वाटते. टी-शर्ट किंवा ध्वनिमुद्रिका घ्यायची असेल तर आत शिरल्याबरोबर घ्यावी, कारण नंतर हवे ते माप उरत नाही आणि रांग लांबलेली असते. आत गेल्यावर बाहेर पडण्याचे दोन मार्ग डोळ्यांखालून घालावेत आणि सोबतच्यांशी चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा ठरवावी.

मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या बँडसाठी वेळेवर पोहोचावे. १९६७ च्या उन्हाळ्यात मंकीज या बँडच्या दौऱ्यात त्यांच्या आधी, आज रॉकमधल्या थोर गिटारवादकांत गणला जाणारा जिमी हेंड्रिक्स वाजवत असे, आणि मंकीजसाठी आलेल्या कोवळ्या वयाच्या श्रोत्यांना त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. थोड्याच कार्यक्रमांनंतर त्याने तो दौरा सोडला. १९८८ मध्ये, पुढे स्वतःच जगप्रसिद्ध झालेला गन्स अँड रोझेस हा बँड आयर्न मेडनच्या आधी वाजवत होता. आधीचा बँड आवडलाच पाहिजे असे नाही, पण त्या अर्ध्या-पाऊण तासात कान सभागृहाच्या आवाजाला सरावतात, आपण उभे आहोत ती जागा कशी आहे हे कळते, आणि सरकायचे असेल तर वेळ मिळतो.

दोन बँडच्या मधला वेळही वाया घालवू नये. तंत्रज्ञ एकेक गिटार उचलून तार लावून पाहतात, ड्रमच्या प्रत्येक पिंपावर वेगळी थाप देतात, माइकवर एक-दोन-एक-दोन म्हणतात. कोणते गिटार कोणत्या बाजूला ठेवले जाते आहे, ॲम्प्लिफायर कोणते आहेत, पायाखाली गिटारचा आवाज बदलणारी किती पेडल मांडली आहेत, हे पाहून ठेवले तर पुढे कोणता आवाज कुठून येतो आहे हे ओळखणे सोपे जाते.

दिवे मालवल्यावर

पहिल्या दोन-तीन गाण्यांवरून ध्वनीची पारख करू नये. दुपारी चाचणी झाली तेव्हा सभागृह रिकामे होते. आता हजारो माणसांची शरीरे आणि कपडे मधले आणि उंच स्वर शोषून घेत आहेत, आणि इंजिनिअर तो बदल ऐकत पातळ्या नव्याने जुळवतो आहे. पहिल्या गाण्यात दबलेला गायक तिसऱ्या गाण्यात वर येतो. तोवर डोळ्यांनी पाहून घ्यावे: कोण कुठे उभा आहे, कोणाच्या हातात कोणते वाद्य आहे, ड्रमर कोणाकडे पाहून ठोका देतो.

त्यानंतर, घरी जे वेगवेगळे ऐकण्याचा सराव केला होता तो कामी आणावा. एखादे संपूर्ण गाणे फक्त ड्रमर आणि बेसवादक यांच्याकडे पाहत ऐकावे. रॉक बँडचा कणा या दोघांत असतो, आणि ते एकमेकांकडे पाहून मान हलवतात तेव्हा पुढच्या क्षणी काहीतरी बदलणार असते. गायक उंच स्वर घेण्याऐवजी ओळ खालून गातो, गिटारवादक सोलोची सुरुवात ध्वनिमुद्रणाप्रमाणे करून मधेच वाट सोडतो, एखादी तार तुटते आणि बाकीचे तोवर गाणे सांभाळून धरतात. या जागी जिवाचा कान करावा. ध्वनिमुद्रणाशी तुलना करत चुका मोजत बसलेला चाहता नेमक्या याच जागा गमावतो. वादकांनी कानांत मॉनिटर, म्हणजे बँडचे वादन त्यांना ऐकवणारे छोटे स्पीकर, घातलेले असले तर बाहेरचा आवाज त्यांना फारसा ऐकू येत नाही, म्हणून रंगमंचाच्या कडेला श्रोत्यांकडे तोंड केलेले माइक ठेवून आपला आवाज त्यांच्या कानांत सोडला जातो. समूहाने गायलेली ओळ त्यांच्यापर्यंत खरोखर पोहोचते. तेव्हा गायक माइक पुढे करेल तिथे भरभरून गावे, आणि तो हळुवार गात असेल तिथे शांत राहावे. शांत गाण्यात मोठ्याने गप्पा मारणे हा शेजाऱ्यावर अन्याय आहे.

फोनच्या बाबतीत माझे मत कडक आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ महिलेला असे आढळले की संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण छायाचित्र घेतले त्या वस्तू त्यांना, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्याच भागावर कॅमेरा रोखला त्यांच्या स्मृतीत तशी घट झाली नाही. संग्रहालय आणि रॉक कॉन्सर्ट यांत अंतर आहे, तरी माझा अनुभव याच्याशी जुळतो. ज्या गाण्यासाठी मी अकरा वर्षे थांबले होते ते मी पडद्यावर पाहत चित्रित केले, आणि आज त्या चित्रणात पुढच्या माणसाच्या डोक्याशिवाय आणि फाटलेल्या आवाजाशिवाय काही नाही. आता मी एका गाण्यात दोन-तीन फोटो घेते, फ्लॅश बंद ठेवून, फोन डोक्याच्या वर न नेता, आणि मग तो चेन लावलेल्या खिशात जातो. रॉक गायक-गिटारवादक जॅक व्हाइटने २०१८ च्या दौऱ्यात श्रोत्यांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत ठेवायला लावले होते. कोणी सक्ती करण्याची वाट न पाहता हेच स्वतःहून करता येते.

गर्दीत

उभ्याच्या जागेत पुढे जायचे असेल तर गर्दीची रीत माहीत असावी. मॉश पिट, म्हणजे जिथे लोक एकमेकांवर आदळत नाचतात ते वर्तुळ, पाहताना बेबंद वाटते, पण त्याचेही नियम आहेत आणि जुने चाहते ते कसोशीने पाळतात. पडलेल्याला सर्वांनी लगेच उचलायचे, कोपर आणि मुठी चालवायच्या नाहीत, ज्याला त्यात यायचे नाही त्याला ओढायचे नाही, आणि कोणाच्याही अंगाशी लगट करायची नाही. आपल्याला नको असेल तर वर्तुळाच्या कडेपासून दहा-बारा पावले मागे राहावे. डोक्यांवरून कोणी तरंगत येत असेल तर त्याचे डोके आणि मान सांभाळून त्याला पुढे द्यावे.

खरा धोका दाटीचा असतो. अभियंता जॉन फ्रूइन यांनी दाखवून दिले की एका चौरस मीटरमध्ये साधारण सात माणसे झाली, की गर्दी द्रवासारखी वागू लागते आणि एकट्या माणसाला स्वतःच्या इच्छेने हलता येत नाही. अशा दाटीत मृत्यू ओढवतो तो मुख्यतः छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यामुळे. ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटी येथे द हू या बँडच्या कार्यक्रमाआधी दारांपाशी झालेल्या रेटारेटीत ११ जण गेले, आणि ३० जून २००० रोजी डेन्मार्कमधील रोस्किल्डे महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना ९ जण गेले. म्हणून शेजाऱ्यांचा स्पर्श सर्व बाजूंनी होऊ लागला आणि हात चेहऱ्यापर्यंत नेणे अवघड वाटू लागले, तर आवडते गाणे चालू असले तरी तिथून निघावे. हात छातीसमोर मुष्टियोद्ध्यासारखे धरावेत, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या विरुद्ध जोर लावू नये. लाट ओसरेल त्या क्षणी तिरपे कडेकडे सरकत जावे. ओरडण्यात श्वास घालवू नये, आणि हातातून काही पडले तर वाकू नये. कठड्यापाशी अडकलो तर सुरक्षारक्षकाला हात वर करून खूण करावी. तो वर ओढून घेतो. जवळ कोणी बेशुद्ध पडले तर सभोवतालच्या सर्वांनी मिळून रंगमंचाकडे हातांची फुली दाखवावी, आणि बँडने वाजवणे थांबवले तर त्याबद्दल नाराज होऊ नये.

संपल्यावर

बँड निरोप घेऊन आत गेला तरी सभागृहातले दिवे लागेपर्यंत हलू नये. दिवे बंद आहेत तोवर एन्कोर बाकी आहे. शेवटचा स्वर विरल्यावर मी गर्दी ओसरेपर्यंत दहा मिनिटे तिथेच थांबते. नंतर, परतीच्या वाटेवर, कोणाचेही चित्रण पाहण्याआधी आणि सेटलिस्ट शोधण्याआधी, जे आठवते ते कागदावर उतरवून काढावे: गाण्यांचा क्रम, कोणी काय बोलले, कुठे सोलो लांबला, कोणता दिवा कोणत्या ओळीवर पडला. क्रम चुकला तरी चालेल. दुसऱ्याचे चित्रण एकदा पाहिले की आपली आठवण त्या कॅमेऱ्याच्या जागी जाऊन बसते, आणि आपण जिथून ऐकले ती जागा पुसट होते.

पुढचा एक दिवस तरी कानांना विश्रांती द्यावी. हेडफोन घालू नयेत आणि मोठ्या आवाजात काही लावू नये. गुंई आवाज दोन दिवसांनंतरही राहिला किंवा एका कानाने कमी ऐकू येते आहे असे वाटले, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जावे, कारण अचानक कमी झालेल्या श्रवणावर लवकर उपचार केले तरच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. कित्येक चाहत्यांना दोन-तीन दिवस मन रिकामे झाल्यासारखे वाटते. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते मागे पडलेले असते, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. त्या दिवसांत बरोबर आलेल्यांशी बोलावे आणि लिहिलेले कागद पुन्हा वाचावेत.

मग एखाद्या शांत संध्याकाळी ध्वनिमुद्रण पुन्हा लावावे, पण सुरुवात सर्वांत आवडत्या गाण्यापासून करू नये. त्या रात्री ज्या गाण्याने अनपेक्षितपणे धरून ठेवले, ते आधी ऐकावे. माझ्या आवडत्या बँडला मी दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा, तोवर मी नेहमी न ऐकताच ओलांडत आलेल्या एका गाण्यात, शेवटच्या ध्रुवपदाआधी ड्रमरने काठ्या वर धरून नेहमीपेक्षा दोन ठोके जास्त विराम घेतला, आणि संपूर्ण सभागृह त्याच्याबरोबर श्वास रोखून थांबले. ध्वनिमुद्रणात तो विराम नाही, तिथे ध्रुवपद लगेच सुरू होते. आणि ते सुरू झाल्यावरही मी अजून त्या दोन ठोक्यांसाठी थांबलेली असते.